खिशात राहिलेला वायसर

नाताळच्या दिवशी फेलिम मॅकगर्टीचा दिवस पहाटे पाचला सुरू झाला. उठायची गरज नव्हती. वर्षातला हा एकच दिवस असा, की आमच्या डोंगरात कोणी कामाला जात नाही. पण बेचाळीस वर्षे पाचला उठलेल्या माणसाला सण समजत नाही. त्याने काळोखातच कालची विजार चढवली, स्वयंपाकघरात आला, चुलीपुढे गुडघा टेकला आणि काडेपेटीसाठी खिशात हात घातला.

हाताला एक चकती लागली. पांढरी, गुळगुळीत, मधे भोक असलेली. नवा वायसर.

त्याने तो तळहातावर घेऊन पाहिला. काय आहे ते कळत होते. इथे का आहे ते कळायला थोडा वेळ लागला. मग मानेपासून खाली घाम फुटला, त्या थंडीत.

हा वायसर इथे आहे, तर बेसीच्या गॅसच्या बाटल्यावर कोणता आहे?

फेलिम ड्रमनाशीच्या ब्रुअरीत बिअरची पिंपे पोचवायचे काम करी. ब्रुअरी म्हणजे चौफुल्यावरची जुनी दूध डेअरी. डर्व्हला मल्व्हीने ती विकत घेतली, भिंती धुतल्या, तीन टाक्या बसवल्या. बिअर चांगली, पण पबवाले तोटी देत नाहीत. त्यांच्या तोट्या मोठ्या कंपन्यांनी बसवलेल्या. तिथे छोट्याच्या बिअरला जागा कुठली? मग नाताळ आला की डोंगरातली घरे डर्व्हलाकडून पिंप मागवतात. दुकानात डब्यांची बिअर स्वस्त मिळते, तरी मागवतात. ‘आपल्या पाण्याची आहे,’ म्हणतात. नाताळातल्या पिंपांवर ब्रुअरी फेब्रुवारीपर्यंत तग धरते. पिंप, तोटी आणि बिअर तोटीपर्यंत ढकलणाऱ्या गॅसचा बाटला, तिन्ही फेलिम घरी नेऊन जोडून द्यायचा.

भरलेले पिंप उचलायची त्याची रीत ठरलेली होती. पाय फाकवून उभे राहायचे, पिंप आधी मांडीवर घ्यायचे, मग पोटाशी. पाठ वाकवायची नाही. वजनाचा अंदाज हात लावण्याआधी करायचा आणि तेवढाच जोर लावायचा. जास्त नाही, कमी नाही. कमी लावला तर पिंप पायावर येते, जास्त लावला तर माणूस मागे जातो. एवढे पाळूनही उजवा खुबा गेलाच होता. सरकारी इस्पितळातली रांग लांब, म्हणून खासगीत ऑपरेशन करायचे त्याने ठरवले होते. त्या डिसेंबरची जादा मजुरी त्यासाठीच होती.

शेवटचे पिंप काल दुपारी, आल्टाव्हराच्या चढावर राहणाऱ्या बेसी गॅलॉग्लीकडे. स्टीफनच्या दिवशी, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशी, तोंडाला पेंढ्याचे मुखवटे बांधून, रेन नावाच्या इवल्या पाखराच्या नावाने ढोल-बासरी वाजवत घरोघर फिरणारी रेनची पोरे रात्री बेसीच्याच घरी जमतात. तिच्या सासूच्या काळापासून. यंदा तिची मुलेही परदेशांतून आली होती. घर भरलेले. पिंप मागच्या छोट्या खोलीत ठेवायचे ठरले, कारण ती घरात सगळ्यात थंड. पूर्वी तिथे लोणी काढत.

त्याने पिंप फरशीवर टेकवले. बाटला शेजारी उभा केला. रेग्युलेटर लावताना त्याला दिसले, की आतल्या वायसरला बारीक चीर आहे. बदलायला पेटीतून नवा काढून खिशात टाकला. रेग्युलेटर पडू नये म्हणून जुन्यावरच हाताने दोन आटे फिरवून ठेवला, आणि पाना घ्यायला वळला. तेवढ्यात बेसीने हाक मारली.

“फेलिम, चहा झालाय रे.”

“नको हो बेसी. एवढं उरकतो.”

“अरे, घे की घोटभर.”

“खरंच नको. गाडी चालूच ठेवलीय.”

“मी कप भरून ठेवलाय. आता काय, डुकराला घालू?”

आमच्याकडे दोनदा नाही म्हणायचे असते. पहिल्यांदाच हो म्हटले तर माणूस हावरा, आणि तिसऱ्यांदा नाही म्हटले तर ते घर त्याला ओंगळ वाटते असा अर्थ. फेलिम जाऊन बसला. चहाबरोबर हॅम आले, हॅमच्या मागून पुडिंग. नातवंडे टेबलाखालून त्याच्या बुटांच्या नाड्या सोडत होती. तो परत खोलीत आला तेव्हा रेग्युलेटर बाटल्यावर बसलेला दिसला. त्याने पाना घेऊन तो घट्ट आवळला, गॅस उघडला, तोटीतून पहिला पेला काढला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रात्री कुणाला एखादा पेला लागेल म्हणून बाटला उघडाच ठेवला.

आवळल्यावर साबणाचे पाणी लावायचे असते. बुडबुडा आला तर गॅस गळतो आहे. बादली आणि कुंचा गाडीत होता. तो आणायला तो गेला नाही. घाई नव्हती, अंग चोरायचा स्वभावही नव्हता. पोट भरले होते, एवढेच.

आता चुलीपुढे गुडघ्यावर बसल्या बसल्या त्याला एकेक गोष्ट आठवू लागली.

खोलीत भिंतीला टेकून एक गुंडाळलेली गादी उभी होती. पिंपाला जागा करायला ती त्यानेच सरकवली होती. म्हणजे रात्री तिथे कोणीतरी झोपणार होते. जमिनीवर.

भिंतीत हवेचे भोक होते. आमच्याकडे सरकारने प्रत्येक घराला असे भोक ठेवायला लावले आहे, आणि प्रत्येक घराने गार वारा नको म्हणून त्यात काहीतरी कोंबले आहे. बेसीच्या भोकात निळा लोकरीचा स्वेटर होता, एक बाही बाहेर लोंबत होती. फेलिमने तो पाहिला होता. त्याला काहीच वाटले नव्हते. त्याच्या स्वतःच्या घराच्या भोकात जुनी पँट होती.

आणि तो वायू. सोड्यात असतो तोच, वास नाही, रंग नाही. पाण्यासारखा खाली बसतो आणि खालून वर भरत येतो.

असल्या वायूची ओळख फेलिमला ब्रुअरीत झाली नव्हती. त्याच्या घरामागे गोठा आहे. गोठ्याच्या मागे उघड्यावर शेणाचा हौद. तो सतरा वर्षांचा होता तेव्हा वसंतात हौद ढवळायला काढला. थोरला भाऊ पॅकी अडकलेली दांडी सोडवायला शिडीवरून खाली वाकला आणि पिशवी पडावी तसा पडला. शेणातून निघालेला वायू हौदाच्या तोंडापर्यंत साठला होता. बाप ह्यूई काठावर उभा होता. त्याने पॅकीला पडताना पाहिले. त्याला ठाऊक होते, दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या गावात असेच झाले होते. तरी तो शिडी उतरला. तोही वर आला नाही. फेलिम तिसरा उतरणार होता. शेजारच्या मिकी जो फॅलनने त्याला कमरेला मिठी मारून धरले. फेलिम त्याच्या हाताला कडकडून चावला. मिकी जोने सोडले नाही.

पॅकीवर फेलिम कधी रागावला नाही. बापावर रागावला, आणि तो राग गेला नाही. “पॅकीला माहीत नव्हतं,” तो म्हणायचा. “म्हाताऱ्याला माहीत होतं. आईला विधवा केली ती पॅकीने नाही, त्याने केली. गाढवपणाने.” हौद त्याने कधी बुजवला नाही. भोवती तार मारली आणि सोडून दिला. कोणी म्हटले, “अरे, बुजवून टाक तो,” तर सांगायचा, “राहू दे. म्हाताऱ्याने अक्कल कुठे ठेवली ते दिसत राहू दे.”

त्याने बेसीचा मोबाइल लावला. लागेना, त्या चढावर कधीच लागत नाही. तिच्या घरचा तारेचा फोन नोव्हेंबरच्या वादळापासून बंद होता. मग डर्व्हलाला लावला.

“कोण गेलं?” डर्व्हला म्हणाली. या वेळेला फोन आला तर आमच्याकडे दुसरे काही विचारत नाहीत.

“अजून कोणी नाही. बेसीचा वायसर माझ्या खिशात आहे.”

“बाटला उघडा आहे?”

“उघडा.”

“खोलीत कोणी—”

“गादी होती.”

“देवा रे.” मग तिचा आवाज बदलला. “मी बंबवाल्यांना फोन करते. त्यांना यायला वेळ लागेल, तुम्ही जवळ आहात. निघा. पण फेलिम, ऐका. दारं उघडायची. बाहेरून खिडकी फोडायची. आत पाय टाकायचा नाही.”

“हे तू मला सांगतेस?”

“तुम्हालाच सांगतेय.”

रस्ता काचेसारखा झाला होता. रात्री चांदणे पडले होते आणि चांदण्याबरोबर दव गोठले होते. फेलिमने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली. ब्रेकला पाय लावायचा नाही, चाक हळू वळवायचे, वळणाआधीच वेग कमी करायचा. हे सगळे त्याला येत होते आणि हातपाय ते करत होते. डोके दुसरीकडे होते. गादीवर कोण असेल? मोठा माणूस असेल तर बरे, की पोर असेल तर बरे? असले प्रश्न त्याच्या मनात येत होते. पोर असेल तर डोके आणखी खाली असेल. मग मनात आले, ब्रुअरी गेली. एक प्रेत आणि डर्व्हलाच्या तीन टाक्या भंगारात. या विचाराची त्याला इतकी लाज वाटली, की तो गाडीत एकटाच मोठ्याने “गप!” म्हणाला.

वायसर अजून हातात होता. स्टिअरिंगवर अंगठ्याने तो घासत होता. आता तो घासून काय होणार होते?

आल्टाव्हराच्या शेवटच्या चढाला गाडी थांबली. चाके फिरत राहिली, गाडी मागे सरकत कुंपणाला टेकली. त्याने पाना घेतला आणि उतरला. रस्त्यावरून चालण्यात अर्थ नव्हता. तो कडेच्या गवतातून चढू लागला. गोठलेले गवत बुटाखाली मोडते आणि पाय धरते. पळता येत नव्हते. खुबा दर पावलाला सुरी खुपसल्यासारखा होत होता. पुढे झुकायचे, पावले छोटी टाकायची, श्वास नाकाने घ्यायचा. तोंडाने घेतला की छाती लवकर संपते. तरी तो तोंडानेच घेत होता आणि प्रत्येक श्वासाबरोबर त्याच्या घशातून बारीक आवाज निघत होता, कुत्र्याच्या पिल्लासारखा. तो थांबवता येईना.

वर घर दिसले. सगळे अंधारात, फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत मेणबत्ती. नाताळच्या आदल्या संध्याकाळी घरातले सगळ्यात लहान पोर ती लावते, आणि ती आपली आपण विझेपर्यंत कोणी विझवत नाही. त्या रात्री दाराला कडीही लावत नाहीत. मेरी आणि जोसेफ थंडीत बाहेर उभे राहू नयेत म्हणून. फेलिम दारावर आदळला आणि दार उघडले.

“उठा!” तो ओरडला. “कोण आहे? उठा!”

आत ऊब होती. हॅमचा आणि संत्र्यांचा वास. मोज्यांतून खेळणी डोकावत होती. मागच्या खोलीचे दार घट्ट बंद होते, आणि दाराखालच्या फटीत टॉवेल दाबून बसवलेला होता.

म्हणजे वायूला बाहेर पडायला वाटच नव्हती.

बेसी दिवा लावून काठी टेकत बाहेर आली. तोंडात कवळी नाही, कानात यंत्र नाही.

“कोण ते? सांताक्लॉज असलास तर उशीर केलास. दार लाव, ऊब जातेय.”

“मी फेलिम! बेसी, खोलीत कोण झोपलंय?”

“अँ?”

“खोलीत! मागच्या! कोण आहे?”

“ओरडू नको रे, पोरं उठतील. आमचा कॅथल आहे. बोस्टनचं विमान लांबलं, रात्री उशिरा आला. बिचारा लगेच आडवा झाला. पण तू यावेळी काय—”

फेलिमने खिडकीतली मेणबत्ती उचलली.

“अरे, ती हलवायची नसते!”

त्याने टॉवेल पायाने बाजूला केला, दार उघडले, आणि मेणबत्ती दारातच छातीशी धरली. जळत होती. हळूहळू खाली नेली. गुडघ्याशी ज्योत आखडली, निळी झाली. आणखी खाली नेली. ज्योत नव्हती. फुंकर नाही, फडफड नाही. कोणी दोन बोटांनी उचलून न्यावी तशी गेली.

बेसी शेतकऱ्याची बायको होती; मॅकगर्टींच्या घरून दोन शवपेट्या एकाच दिवशी निघाल्या तेव्हा ती मागे चालली होती. तिला समजावून सांगावे लागले नाही. काठी तिच्या हातातून पडली आणि ती दाराकडे धावली.

“कॅथल!”

फेलिमने आडवा हात घालून तिला भिंतीला दाबून धरले. ऐंशीची बाई, पण तिला आवरायला पिंपाएवढा जोर लागला.

“तुम्ही नाही! मागचं दार उघडा. पुढचं उघडा. सगळं उघडा. जा!”

ती रडत गेली. तो दारात उभा राहिला.

आता काय करायचे ते त्याला पाठ होते. सेहेचाळीस वर्षे तो ते लोकांना सांगत आला होता. बाहेर जायचे. घराला वळसा घालून खिडकी गाठायची. पान्याने काच फोडायची. हवा आत येऊ द्यायची, मग माणूस काढायचा. पाना त्याच्या हातात होता.

स्वयंपाकघराच्या दिव्याचा उजेड खोलीत पडला होता. गादी भिंतीशी होती. गादीवर पांघरुणांचा ढीग, आणि ढिगातून एक हात फरशीवर लोंबत होता.

“कॅथल! ए कॅथल!”

ढीग हलला नाही.

खिडकी वळशापलीकडे होती. गादी समोर होती. फेलिमने ठरवले असे काही झाले नाही. त्याच्या हातातून पाना गळल्याचा आवाज झाला, आणि तो आत होता. श्वास धरला होता की नाही, हे त्याला पुढे कितीही आठवून आठवले नाही. गादीचा कोपरा दोन्ही हातांत आला. कॅथल गॅलॉग्ली लहानपणापासून धिप्पाड. फेलिमने वजनाचा अंदाज केला, पाय फाकवले, टाचा रोवल्या आणि वाकलेला असतानाच एक श्वास घेतला. सोडा नाकात जावा तशी कळ डोळ्यांपर्यंत गेली. कडेने सगळे काळे होऊ लागले. त्याने धिप्पाड माणसाला लागेल तेवढा सगळा जोर लावून गादी ओढली.

गादीवर माणूस नव्हता.

जोर मोकळा सुटला. फेलिम उलटा मागे फेकला गेला, पाठीवर, उंबऱ्याबाहेर. गादी त्याच्या अंगावर, आणि गादीवरचे चार ओव्हरकोट त्याच्या तोंडावर. लोंबता हात म्हणजे एका कोटाची बाही होती.

कोणीतरी त्याच्या काखेत हात घालून त्याला पुढच्या दारापर्यंत ओढत नेले. तो गार दगडावर पडला आणि ओकला. मग वर पाहिले. वर कॅथल गॅलॉग्ली उभा होता, फक्त बनियन आणि चड्डीवर, थंडीने मांड्या लाल झालेल्या.

“फेलिम? नाताळच्या पहाटे तुम्ही आमच्या गाद्या चोरताय?”

फेलिम दगडाला धरून उठून बसला.

“तू कुठे होतास?” बेसीने मागून विचारले. तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

“वर. पोरांच्यात. तुमचं ते यंत्र रात्रभर हिसहिसत होतं, माजलेल्या हंसासारखं. डोळ्याला डोळा लागेना. मग कोट तिथेच टाकले आणि वर जाऊन झोपलो. तुला त्रास नको म्हणून, आई, दाराखाली टॉवेलसुद्धा लावला.”

“मला त्रास?” बेसी म्हणाली. “मला? मी कानात यंत्र घातल्याशिवाय चर्चची घंटा ऐकत नाही, मेल्या!” आणि तिने त्याच्या थोबाडीत मारली, मग त्याच हाताने त्याचे डोके ओढून छातीशी धरले.

कॅथलने बाहेरून फावड्याने खिडकी फोडली आणि भोकातला निळा स्वेटर काठीने ढकलला. बंबवाले आले तेव्हा उजाडत होते. त्यांच्या प्रमुखाने वायू मोजणारे एक छोटे यंत्र दोरीने खोलीत सोडले. ते किंचाळायला लागले आणि बराच वेळ थांबेना. तो फेलिमकडे वळला.

“तुम्ही आत गेला होतात?”

“हो.”

“ठाऊक असून?”

“ठाऊक असून.”

“माणूस नव्हताच आत.”

“नव्हता.”

त्याने मान हलवली आणि यंत्राची दोरी ओढून घेतली. बेसीने सगळ्यांना चहा विचारला. बंबवाले दोनदा नाही म्हणाले आणि तिसऱ्यांदा बसले. फेलिमने पहिल्याच विचारण्याला हात पुढे केला.

डर्व्हला नवऱ्याच्या ओव्हरकोटात आणि रबरी बुटांत चढ चढून आली. तिने आधी माणसे मोजली. मग फेलिमजवळ आली. त्याने वायसर तिच्या हातावर ठेवला.

“चीर दिसली होती,” तो म्हणाला. “बदलणार होतो. चहाला बसलो, आणि बदलला नाही.”

“साबण?”

“लावला नाही.”

तिचे ओठ पांढरे झाले होते. “मी नेहमी सांगते, की फेलिमने जोडलेलं मी तपासत नाही.”

“आता तपास.”

“आता तपासेन.” तिने वायसर त्याला परत दिला. “बसवा. माझ्यासमोर.”

बाटला तोवर बंबवाल्यांनी अंगणात आणला होता. फेलिमने उघड्या हवेत, सगळ्यांदेखत, रेग्युलेटर काढला. जुना वायसर दोन तुकड्यांत निघाला. नवा बसवला, आवळला, साबणाचे पाणी लावले. सगळे वाकून बघत होते. बुडबुडा आला नाही.

“पिंप परत नेते, बेसीबाई,” डर्व्हला म्हणाली. “तुमचे पैसेही—”

“पिंपाला हात लावून बघ!” बेसीने काठी आपटली. तोवर कवळी बसवली होती. “उद्या रेनची पोरं येणार. त्यांना काय मोठ्या कंपनीचं डब्यातलं पाणी पाजू? गाडीच्या छपरीत ठेव, तिन्ही बाजूंनी वारा आहे. आणि फेलिम, पोरा, उद्या तू तिथे उभं राहायचं. चहा मी तिथेच आणून देईन.”

तो उभा राहिला. ढोल वाजला, पेंढ्याचे मुखवटे नाचले, पिंप रिकामे झाले. फेलिम बाटल्याशेजारून हलला नाही आणि कोणाला त्या चावीला हात लावू दिला नाही. त्या हिवाळ्यात डर्व्हलाने बाटल्यागणिक एकेक ओरडणारे यंत्र घेतले. फेलिमला तिने काढले नाही. पण त्याच्या प्रत्येक जोडणीवर ती स्वतः साबण लावे, आणि तो बाजूला उभा राहून बघे. ते त्याला लागे. लागायलाच हवे, म्हणे.

भीती मात्र गेली नाही. ती कॅथलची नव्हती. कॅथल बोस्टनला जाऊन दंडाच्या बेटकुळ्या दाखवणारे फोटो पाठवत होता. भीती आपल्या पायांची होती. दाराशी मेणबत्ती विझलेली पाहिली, आणि तरी पाय आत गेले. कोणाला न विचारता गेले. तेही परक्याच्या लेकासाठी, आणि खरे तर चार कोटांसाठी. बापासमोर तर पॅकी होता.

जानेवारीत एका सकाळी तो गोठ्यामागे गेला. तार गंजली होती. तारेबाहेरूनच त्याने हौदाचे तोंड पाहिले. मग मिकी जो फॅलनकडे गेला. मिकी जो आता नव्वदीचा, खुर्चीतच असतो.

“हौद बुजवतोय,” फेलिम म्हणाला.

“आत्ता?”

“आत्ता.”

मिकी जोने बाही वर करून मनगट चाचपले. तिथे दातांची जुनी खूण होती. “मी सोडलं असतं तर तूही गेला असतास.”

“गेलो असतो,” फेलिम म्हणाला. हे त्याने कोणापुढे पहिल्यांदाच कबूल केले. “म्हातारा गाढव नव्हता, मिकी जो.”

“मी कधी म्हटलं होतं तसं?”

खाणीतून दगड आले, मग काँक्रीटच्या गाड्या. ड्रायव्हरने विचारले, एवढी वर्षे उघडा का ठेवला होता? फेलिम म्हणाला, “राहून गेलं.” काँक्रीट ओतल्यावर वरचा थर त्याने दुसऱ्या कोणाला करू दिला नाही. खुबा दुखत असताना गुडघ्यांवर बसून पट्टीने सारखा केला, आणि पावसाचे पाणी साचू नये म्हणून ओढ्याच्या बाजूला बारीक उतार दिला. तार काढून गुंडाळून ठेवली.

डिसेंबरची जादा मजुरी त्यात गेली. त्या नाताळात उचललेले एकूण एक पिंप तिथे गाडले आहे, असे तो म्हणतो. खुबा जुनाच आहे.